आयात कुत्रे आणि परजीवी रोग : हाइलच्या संदर्भात धोका आणि त्याचे व्यवस्थापन

सौदी अरेबियाच्या उत्तर-मध्य भागातील हाइल हे नाव मराठी वाचकांना बहुधा हातिमताईच्या कथांमुळे परिचित असते. दानशूरतेसाठी ख्यातनाम झालेला हा तय्य जमातीचा कवी याच परिसरातला. हाइल प्रांताची दुसरी ओळख प्राचीन शैलचित्रांची आहे. जुब्बा आणि शुवैमिस येथील ही चित्रे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्यांपैकी काही चित्रांत शिकाऱ्याच्या कमरेला दोरीने बांधलेले कुत्रे दिसतात. पुरातत्त्वज्ञांच्या मते ती काही हजार वर्षांपूर्वीची असून माणूस आणि कुत्रा यांच्या सहवासाच्या सर्वांत जुन्या चित्रित पुराव्यांत त्यांची गणना होते. कुत्रा या भूमीला परका नाही. बदलला आहे तो त्याच्या येण्याचा मार्ग. आज तो विमानाने येतो. नोकरीनिमित्त स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासोबत पुणे, मुंबई किंवा नागपूरहून येतो, युरोपातील पैदासकेंद्रातून विकत घेतला जातो किंवा निवारा-संस्थेकडून दत्तक येतो.

या प्रवासाची कागदपत्रे प्रामुख्याने एका रोगाभोवती रचलेली असतात, आणि तो रोग म्हणजे रेबीज. रेबीज प्राणघातक असल्याने हे योग्यच आहे. मात्र लसीकरणाचा दाखला, मायक्रोचिप आणि आरोग्य प्रमाणपत्र ही तिन्ही निर्दोष असूनही कुत्र्याच्या रक्तात, आतड्यात, अस्थिमज्जेत किंवा कातडीवर परजीवी असू शकतात. त्यांतील काही केवळ कुत्र्याला त्रास देतात, काही घरातील माणसांना, तर काही नव्या प्रदेशात कायमचे स्थिरावतात. हा धोका कोणता, तो कोणत्या दिशेने प्रवास करतो आणि तो कमी करण्यासाठी काय करता येते, याचा हा आढावा.

परजीवी स्थिरावण्यासाठी काय लागते?

संसर्ग झालेला कुत्रा आला म्हणजे रोग पसरलाच, असे नाही. परजीवीचे जीवनचक्र पूर्ण होण्यासाठी बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : संसर्गित प्राणी, तो संसर्ग पुढे नेणारा वाहक किंवा मध्यस्थ प्राणी, आणि दोघांना अनुकूल हवामान. यांपैकी एक कडी तुटली तरी साखळी थांबते. म्हणूनच धोक्याचे मूल्यमापन करताना ‘कुत्र्यात काय आहे’ या प्रश्नाइतकाच ‘तो जिथे जातो आहे तिथे काय आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हाइल शहर आजा आणि सल्मा या डोंगररांगांच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर वसले आहे. उत्तरेला नफूदचे वाळवंट पसरलेले आहे. उन्हाळा कडक आणि कोरडा, तर हिवाळ्यातील रात्री बऱ्याच थंड असतात. वरवर पाहता ही भूमी परजीवींना प्रतिकूल वाटते. परंतु भूजलावर चालणारी शेती, खजुराच्या बागा, उंट-मेंढ्यांचे कळप, उंदरांची बिळे आणि भटके कुत्रे यांमुळे वाहकांना पुरेशी आश्रयस्थाने मिळतात. वातानुकूलित घरांत तर बाहेरच्या हवामानाचा अडसरही उरत नाही.

लीशमॅनियासिस : एकच नाव, निरनिराळे रोग

हाइलच्या संदर्भात पहिला विचार लीशमॅनियासिसचा करावा लागतो. हा रोग वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. दोन-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी डासांच्या साध्या जाळीतूनही आत शिरू शकते. ती फार दूर उडत नाही आणि तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत अधिक सक्रिय असते.

सौदी अरेबियात त्वचेचा लीशमॅनियासिस दीर्घकाळापासून आढळतो. अल-अहसा, कसीम, रियाध, मदिना यांच्याबरोबर हाइल प्रांतातही त्याचे रुग्ण नोंदवले गेले आहेत. मध्य आणि पूर्व भागात त्याला मुख्यतः लीशमॅनिया मेजर हा परजीवी कारणीभूत असतो. वाळवंटी उंदीर हा त्याचा नैसर्गिक साठा आणि फ्लेबोटोमस पापाटासी ही वाळूमाशी त्याची वाहक होय. या चक्रात कुत्र्याची भूमिका गौण आहे. देशाच्या पूर्व प्रांतात १९८०च्या दशकात कुत्र्यांनाही त्वचेचा संसर्ग झाल्याचे नोंदले गेले, परंतु रोगाचा मूळ साठा बिळांतच राहिला. हाइलमध्ये एखाद्याच्या चेहऱ्यावर किंवा हातावर बरा न होणारा व्रण उठला, तर त्याचा दोष पाळीव कुत्र्यावर टाकणे बहुधा चुकीचे ठरेल.

लीशमॅनिया इन्फँटम हा परजीवी मात्र वेगळा आहे. स्पेन, इटली, ग्रीस, पोर्तुगाल या भूमध्यसागरी देशांत तो आढळतो आणि तिथे कुत्रा हाच त्याचा प्रमुख साठा असतो. तो कुत्र्याच्या अंतर्गत अवयवांत पसरतो, आणि वाळूमाशीमार्फत माणसात, विशेषतः लहान मुलांत व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, आंतरांगांचा गंभीर रोग निर्माण करू शकतो. युरोपातून हाइलला आणल्या जाणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची ठरते. पापाटासी ही माशी इन्फँटमची कार्यक्षम वाहक मानली जात नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. पण अरबी द्वीपकल्पात वाळूमाशीच्या इतरही जाती आहेत, त्यामुळे केवळ या आधारावर निश्चिंत राहता येत नाही.

भारतातील काळा आजार हा तिसरा प्रकार. तो लीशमॅनिया डोनोव्हानीमुळे होतो आणि भारतीय उपखंडात त्याचा संसर्ग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो. काळ्या आजाराचा मुख्य पट्टा बिहार, झारखंड आणि लगतच्या भागांत आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून नेल्या जाणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत लीशमॅनिया ही पहिल्या क्रमांकाची चिंता नसते.

कुत्र्यात या रोगाची लक्षणे हळूहळू उमटतात. वजन घटते, डोळ्यांभोवतीचे केस गळतात, कातडीला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, नखे अवास्तव वाढतात, नाकातून रक्त येते आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. संसर्ग आणि लक्षणे यांत काही महिने, क्वचित काही वर्षेही जातात. याच कारणाने विमानतळावर तपासलेला धडधाकट कुत्रा रोगमुक्त असतोच असे नाही. अॅलोप्युरिनॉल, मेग्लुमाइन अँटिमोनिएट, मिल्टेफोसिन यांसारख्या औषधांनी लक्षणे आटोक्यात येतात, पण परजीवीचे समूळ उच्चाटन सहसा होत नाही. अशा कुत्र्याला आयुष्यभर देखरेख लागते.

सर्रा : उंट, कुत्रा आणि चंद्रपूरचा धडा

१८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने तेव्हाच्या हिंदुस्थानातील डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात एक परजीवी पाहिला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव त्यावरून पडले आणि त्याच्यामुळे होणारा रोग ‘सर्रा’ म्हणून ओळखला जातो. भारतात तो गुरे, घोडे, उंट आणि कुत्र्यांत आढळतो, सौदी अरेबियात प्रामुख्याने उंटांत. म्हणजेच हा धोका दोन्ही दिशांनी प्रवास करू शकतो.

गुरांना चावणाऱ्या मोठ्या रक्तपिपासू माश्या या रोगाचा प्रसार करतात. संसर्ग झालेल्या जनावराचे ताजे कच्चे मांस खाल्ल्यानेही कुत्र्याला तो होऊ शकतो. सलुकीसारख्या शिकारी कुत्र्यांना कच्चे मांस घालण्याची सवय असेल, तर ही बाब विशेष लक्षात घ्यावी. कुत्र्यात सर्रा वेगाने बळावतो. ताप, रक्तक्षय, चेहऱ्यावर व पायांवर सूज, आणि डोळ्याच्या बुबुळावर निळसर-पांढुरका पडदा ही त्याची ठळक लक्षणे आहेत. उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. आशियातून नेलेल्या कुत्र्यांत हा रोग युरोपातही आढळला आहे. तेथील पशुवैद्यकांना तो अनोळखी असल्याने निदानाला विलंब होण्याची शक्यता अधिक असते.

माणसाच्या रक्तात या परजीवीचा नाश करणारा घटक असल्याने माणसाला सर्रा होत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला आणि या समजाला धक्का बसला. त्याच्या रक्तात तो संरक्षक घटक कार्यक्षम स्वरूपात नव्हता, असे पुढे स्पष्ट झाले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. अशा घटना अत्यंत दुर्मीळ आहेत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तथापि प्राण्यांचा म्हणून गणला गेलेला रोग सीमारेषा ओलांडू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

गोचीड : घरातच वाढणारा वाहक

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत सर्वाधिक संभाव्य धोका गोचिडांचा असतो. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड आपले संपूर्ण जीवनचक्र घरातच पूर्ण करू शकते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत किंवा गालिच्याखाली हजारो अंडी घालते. बाहेर वाळवंट असो वा बर्फ, आत तापमान स्थिर असले की तिचे भागते.

या गोचिडीमार्फत अर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पसरतो, आणि बॅबेसिया गिब्सोनी या रक्तपेशींतील परजीवीचाही संबंध भारतात गोचिडांशीच आहे. हेपॅटोझून कॅनिसचा संसर्ग गोचीड चावल्याने नव्हे, तर कुत्र्याने ती गिळल्याने होतो. अर्लिकिया काटेकोर अर्थाने परजीवी नव्हे, पण तिची वाट तीच असल्याने तिचा विचार इथेच करावा लागतो. मुंबईसह भारतातील शहरांत हे संसर्ग पशुवैद्यकांच्या नित्य परिचयाचे आहेत. परदेशात मात्र ताप, फिकट हिरड्या आणि कमी प्लेटलेट्स घेऊन आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा संशय पहिल्या भेटीत येईलच असे नाही. बॅबेसिया गिब्सोनीतून बरा झालेला कुत्राही अनेकदा तो परजीवी अल्प प्रमाणात बाळगून राहतो. म्हणून पूर्वी झालेल्या गोचीड-तापाची नोंद प्रवासाच्या कागदपत्रांसोबत असणे अत्यावश्यक आहे.

हृदयकृमी आणि जखमेतील अळ्या

हृदयकृमी डासांमार्फत पसरतो. त्याच्या अळ्या रक्तातून फुप्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयात पोहोचतात. मादी कृमी पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. संसर्गापासून चाचणीत तो दिसेपर्यंत सुमारे सहा महिने लागतात. त्यामुळे प्रवासापूर्वीची चाचणी नकारात्मक आली, तरी सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा करणे आवश्यक असते. हाइलमध्ये डासांचा उपद्रव किनारपट्टीइतका नसला, तरी शेतीचे पाणी, उघड्या टाक्या आणि कूलर त्यांना पुरेसे असतात.

भारत आणि आखाती प्रदेशात आढळणाऱ्या एका माशीच्या अळ्या जिवंत ऊतकांवर जगतात. ग्रामीण महाराष्ट्रात ‘जखमेत किडे पडणे’ म्हणून जो प्रकार परिचित आहे, त्यात तिचाही वाटा असतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेसारखे देश या माश्यांच्या आगमनाबाबत अत्यंत सावध असतात. प्रवासाआधी कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक जखम, तसेच कानाच्या आतील भाग व शेपटीखालील भाग तपासणे एवढी साधी खबरदारी येथे उपयोगी पडते.

पट्टकृमी : माणसासाठी सर्वांत गंभीर

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा परजीवी आकाराने अगदी लहान आहे. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. कुत्र्याच्या आतड्यात तो शेकडोंच्या संख्येने असला, तरी कुत्रा निरोगीच दिसतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि अंगावरील केसांनाही चिकटतात. ती मेंढी, बकरी किंवा उंटाच्या पोटात गेली की यकृत व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी तयार होतात. असे अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की चक्र पूर्ण होते.

माणसाच्या पोटात ही अंडी गेली, तर त्यालाही अशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि एखाद्या दिवशी सोनोग्राफीत अचानक दिसतात. गाठ फुटल्यास जिवावर बेतणारी अॅलर्जिक प्रतिक्रिया उद्भवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही एका वेळी जगात दहा लाखांहून अधिक लोक एकायनोकॉकसजन्य रोगांनी ग्रस्त असतात. हा रोग महाराष्ट्रात आणि सौदी अरेबियातही आढळतो.

हाइलच्या रणरणत्या उन्हात ही अंडी फार काळ तग धरत नाहीत, कारण उष्णता आणि कोरडेपणा त्यांना मारक असतो. सावली, ओलिताची शेते, भाजीचे वाफे आणि कुत्र्याची कातडी या जागा मात्र सुरक्षित नसतात. ईद-उल-अझ्हाच्या काळात किंवा खाजगी कत्तलीनंतर फेकलेले यकृत व फुप्फुसे कुत्र्याच्या तोंडी लागणे, ही या चक्रातील सर्वांत दुबळी आणि म्हणूनच सर्वांत सहज तोडता येणारी कडी आहे.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फेनबेंडाझोल किंवा पायरँटेल यांसारखी जंतांची नेहमीची औषधे या पट्टकृमीविरुद्ध भरवशाची नाहीत. त्यासाठी प्राझिक्वाँटेल लागते. ‘जंताचे औषध दिले आहे’ एवढी नोंद त्यामुळे अपुरी ठरते. औषधाचे नाव, मात्रा, दिनांक आणि वेळ यांचा उल्लेख हवा. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली या पट्टकृमीची अंडी इतर पट्टकृमींच्या अंड्यांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून विष्ठेचा साधा अहवाल निर्णायक मानता येत नाही.

याखेरीज पिल्लांमधील गोलकृमी आणि अंकुशकृमी यांचाही विचार करावा लागतो. गोलकृमीच्या अळ्या मुलांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचून दृष्टीला इजा करू शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरून नागमोडी पुरळ उठवतात. वाळूत खेळणाऱ्या मुलांसाठी दोन्ही महत्त्वाचे आहेत.

इतर देशांचे अनुभव

१९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीत शिकारी फॉक्सहाउंड कुत्र्यांच्या एका मोठ्या समूहात लीशमॅनिया इन्फँटम आढळला. पुढील तपासणीत अमेरिकेच्या अनेक राज्यांतील अशा कुत्र्यांत तो दिसून आला. वाळूमाशीऐवजी मादीकडून पिल्लांकडे होणारा संसर्ग हा तेथील प्रसाराचा मुख्य मार्ग ठरला. वाहक नसतानाही परजीवी टिकून राहू शकतो, हा त्याचा अर्थ. २०१९ मध्ये ब्रिटनमधून नोंदवलेल्या एका प्रकरणात कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्याला हा रोग झाला. त्याच घरात स्पेनहून आणलेला संसर्गित कुत्रा राहत असे.

ब्रिटनने २०१२ पासून प्रवेशापूर्वीची गोचीडविरोधी औषधयोजना बंधनकारक ठेवली नाही, पट्टकृमीविरोधी उपचार मात्र कायम ठेवला. २०१५-१६च्या हिवाळ्यात इसेक्समधील हार्लो परिसरात परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बॅबेसिया कॅनिसची लागण झाली आणि स्थानिक गोचिडांतही तो परजीवी सापडला. नियमबदल आणि हा उद्रेक यांत थेट कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. तरीही बाहेरचा परजीवी स्थानिक वाहकात कसा रुजतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातही असेच घडले. आयात कुत्र्यांची अर्लिकिया कॅनिससाठी सक्तीने तपासणी करणाऱ्या या देशात मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात स्थानिक कुत्र्यांत तो आढळला आणि पुढे उत्तरेकडील विस्तृत प्रदेशात पसरला.

आइसलंडचा अनुभव याच्या उलट, उमेद देणारा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हायडॅटिड रोगाचे प्रमाण भयावह होते. लोकांना पुस्तिकांद्वारे शिक्षण देणे, कुत्र्यांना नियमित औषध देणे आणि कत्तलीचे अवयव त्यांच्यापासून दूर ठेवणे या साध्या उपायांनी विसाव्या शतकात तो रोग तेथून नाहीसा झाला. प्राझिक्वाँटेलचा शोध लागण्यापूर्वीच यातील बहुतांश यश मिळाले होते.

नियमांची चौकट आणि तिच्या मर्यादा

सौदी अरेबियात प्राण्यांची आयात पर्यावरण, जल आणि कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आगाऊ परवाना, मूळ देशाच्या सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र, मायक्रोचिप आणि रेबीज लसीकरण हा त्याचा गाभा. दीर्घकाळ तेथे शिकार, राखण आणि अंधांना साहाय्य या प्रयोजनांसाठीच कुत्रा आणता येत असे. नियम व त्यांची अंमलबजावणी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी मंत्रालय आणि विमान कंपनी या दोहोंकडून लेखी खातरजमा करणे श्रेयस्कर.

भारताने एप्रिल २०१६च्या अधिसूचनेने पैदाशीसाठी होणारी कुत्र्यांची व्यापारी आयात रोखली. पाळीव प्राणी म्हणून, संशोधनासाठी आणि संरक्षण व पोलीस दलांसाठी आयातीची वाट खुली राहिली. परतणाऱ्या कुटुंबाला पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. आरोग्य प्रमाणपत्राच्या प्रचलित नमुन्यात कुत्र्यात लीशमॅनियासिसची लक्षणे नसल्याचाही उल्लेख असतो. ‘लक्षणे नसणे’ आणि ‘संसर्ग नसणे’ यांतील फरक वर आलाच आहे.

हाइलहून पुढे तिसऱ्या देशात जायचे असल्यास नियोजन आणखी आधी सुरू करावे लागते. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांत प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान प्राझिक्वाँटेल दिल्याची पशुवैद्यकीय नोंद आवश्यक असते. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा स्वीकारत नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणाऱ्या कुत्र्याचे वय किमान सहा महिने असणे आणि त्याला मायक्रोचिप असणे बंधनकारक झाले असून रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांच्या यादीत भारताचाही समावेश आहे. यांतील बरेच नियम रेबीजपुरतेच बोलतात. परजीवींची जबाबदारी मोठ्या प्रमाणात कुत्र्याच्या मालकावरच राहते.

टप्प्याटप्प्याने खबरदारी

*प्रवासापूर्वी चार ते सहा महिने.* कुत्रा आजवर कुठे-कुठे राहिला, याची दिनांकांसह यादी करावी. दत्तक कुत्र्याच्या बाबतीत ही माहिती संस्थेकडून लेखी घ्यावी. त्यानुसार चाचण्या ठरवाव्यात. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुत्र्यासाठी रक्तपेशींची गणना, बॅबेसिया-अर्लिकिया-हेपॅटोझूनसाठी पीसीआर, हृदयकृमी चाचणी आणि गुराढोरांच्या परिसरातील असल्यास सर्राची तपासणी करावी. भूमध्यसागरी युरोपातून येणाऱ्यासाठी लीशमॅनियाची प्रतिपिंड चाचणी अग्रक्रमाने करावी. उपचार लागल्यास ते पूर्ण करण्याएवढा अवधी हाती असावा.

*शेवटचा महिना.* गोचीड व पिसूविरोधी औषध अखंड चालू ठेवावे. वाळूमाशीच्या प्रदेशात जाणाऱ्या कुत्र्याला डेल्टामेथ्रिनयुक्त पट्टा साधारण आठवडाभर आधीच बांधावा, कारण त्याचा परिणाम हळूहळू सुरू होतो. घरात मांजर असेल, तर परमेथ्रिनयुक्त थेंब टाळावेत, कारण ते मांजरांना विषारी असतात. कोली वंशाच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा घातक ठरते, हेही पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे.

*निघण्याआधीचे पाच दिवस.* प्राझिक्वाँटेल द्यावे आणि त्याची वेळेसह नोंद घ्यावी. कान, बगला, बोटांमधील फटी आणि शेपटीखालचा भाग हाताने चाचपून गोचीड काढून टाकावी. प्रवासाच्या पेटीतील जुने अंथरूण टाकून द्यावे.

*पोहोचल्यावर.* पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकाकडे नेऊन सर्व नोंदी दाखवाव्यात. पहिले काही आठवडे इतर कुत्र्यांशी संपर्क मर्यादित ठेवावा आणि रोज गोचीड तपासावी. एप्रिल ते ऑक्टोबर या वाळूमाशीच्या हंगामात कुत्र्याला संध्याकाळनंतर घरात ठेवावे, बारीक विणीची जाळी लावावी आणि आवाराजवळील उंदरांची बिळे बुजवून घ्यावीत.

*सहा महिन्यांनी.* लीशमॅनिया आणि हृदयकृमीची चाचणी पुन्हा करावी. बहुतेक कुटुंबे हाच टप्पा विसरतात आणि उशिरा उघड होणारे संसर्ग नेमके याच टप्प्यावर हाती लागतात. ग्रामीण परिसर, कळप किंवा शिकारीशी संबंध असलेल्या कुत्र्याला प्राझिक्वाँटेल दर सहा आठवड्यांनी द्यावे. पट्टकृमी अंडी देऊ लागण्यापूर्वीच त्याला मारणे, हा त्यामागचा हिशेब आहे.

घरातील माणसांसाठी

बहुतेक परजीवी कुत्र्याला हात लावल्याने थेट लागत नाहीत. लीशमॅनियाला वाळूमाशी लागते, हृदयकृमीला डास लागतो. पट्टकृमी आणि गोलकृमी मात्र हातांवाटे तोंडात जातात. कुत्र्याशी खेळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, विष्ठा रोज उचलणे, कच्च्या भाज्या नीट धुणे, मुलांना कुत्र्याने तोंड चाटू न देणे आणि कुत्र्याला शिजवलेलेच मांस घालणे, एवढ्यावर घरातील धोक्याचा मोठा भाग कमी होतो.

न भरणारा व्रण, दीर्घकाळचा ताप, पोटातील गाठ किंवा कारण न कळलेला रक्तक्षय यांसाठी डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात : गेल्या काही वर्षांत कुटुंब कोणकोणत्या प्रदेशांत राहिले, आणि घरात कुत्रा आहे का, असल्यास तो कुठून आला. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत निदान अनेकदा याच दोन उत्तरांवर अवलंबून असते.

चाचणीचा निकाल सकारात्मक आला, तर कुत्र्याला सोडून देणे हा उपाय नव्हे. रस्त्यावर सोडलेला संसर्गित कुत्रा उपचारांपासून वंचित होतो आणि संसर्गाचा मुक्त स्रोत बनतो. बहुतेक संसर्ग औषधांनी बरे होतात किंवा आटोक्यात ठेवता येतात. त्यासाठी ते वेळेवर कळायला हवेत, आणि कुत्र्याच्या प्रवासाची व औषधांची नोंदवही त्याच्या रेबीज-दाखल्याइतकीच जपून ठेवायला हवी.